जो कसेल त्याचा देश

गुरुदत्त मास्तरांनी बशीतला चहा फुर्रकन ओढला आणि जाहीर केलं, "फेब्रुवारीपर्यंत खाजणपाड्याचं एकेक पोर जगाचं नागरिक झालेलं असेल. आत्ताच सांगून ठेवतो."

मास्तरांच्या पत्नी सुमेधाबाई लसूण सोलत होत्या. "आधी ते वर्गात तर येऊ दे," त्या म्हणाल्या.

घाव वर्मी बसला. खाजणपाडा म्हणजे डोंबिवलीच्या पश्चिमेला, खाडीच्या अंगाला वसलेलं आगऱ्यांचं गाव. शाळा एकशिक्षकी, कौलारू आणि बहुतेक दिवस रिकामी. पोरं मिठागरावर असायची, खाडीतल्या चिंबोऱ्या-खेकड्यांच्या मागे असायची, म्हशीच्या पाठीवर असायची; फक्त शाळेत नसायची. दिवाळीआधी दिपोटीसाहेब शाळा तपासायला आले, तेव्हा वर्गात दोन-तीन मुली आणि एक शेळीचं करडू एवढाच पट हजर होता. साहेबांनी त्या करडाकडे बराच वेळ पाहिलं आणि निघताना शांतपणे सांगितलं, "मास्तर, फेब्रुवारीत परत येईन. वर्ग भरलेला दिसला नाही तर ही शाळा बंद, आणि तुमची बदली मोखाड्याला."

मोखाडा ठाणे जिल्ह्यातच, पण पार दुसऱ्या टोकाला, डोंगरात. नुसतं नाव ऐकलं तरी मास्तर लोकांची पाचावर धारण बसायची. त्यात सुमेधाबाईंना स्टेशनाजवळच्या चाळीत किती खटपटीनं नळाला लागून असलेली खोली मिळाली होती. ती सोडून मोखाड्याला जायचं म्हणजे जिवावरच येणार होतं.

पण मास्तर सध्या हवेत होते. नुकतेच ते मुंबईच्या एका शिबिराला जाऊन आलेले. तिथं विलायत पाहून आलेल्या एका विदुषीनं सांगितलं होतं की बालकाचा विकास हा सर्वांगीण पाहिजे. डोकं, हात आणि हृदय, तिन्ही वाढली पाहिजेत. आणि लहानपणापासून बालकाला कळलं पाहिजे की सारं जग हे आपलं घर आहे. बाकीचे मास्तर दुपारच्या व्याख्यानाला पेंगत होते. गुरुदत्तांच्या अंगावर मात्र काटा आला. ते परत आले ते असा अभ्यासक्रम घेऊनच.

सुरुवात नमस्कारापासून झाली. रोज सकाळी एकेका देशाच्या रीतीनं अभिवादन करायचं. जपानच्या दिवशी रघु रस्त्याभर कमरेत वाकत गेला आणि वाटेत आडव्या आलेल्या म्हशीलाही त्यानं वाकून मान दिला. हे पाहायला चार पोरं जास्त आली. मास्तरांनी ओळखलं, पोरं बाकावर बसून शिकणारी नाहीत. त्यांना जग हातात दिलं पाहिजे.

म्हणून ते काळुराम पाटलांकडे गेले. काळुराम गावातला मोठा जमीनदार. शाळेच्या मागचंच शेत त्याचं, भात काढून झालेलं, मोकळं पडलेलं.

"शेतान काय कराचं हाय?" काळुरामनं विचारलं.

"जग करायचं आहे."

काळुराम घाईत होता. कूळकायदा आला होता, येत्या एप्रिलपासून कसणाऱ्याच्या नावावर जमिनी होणार असं जो तो बोलत होता, आणि काळुरामचे दिवस कल्याणच्या कचेरीत जात होते. त्याची निम्मी जमीन कुळांकडे होती. शाळेमागच्या या एका तुकड्यावर तेवढं कोणी कूळ नव्हतं, त्यामुळे त्याची त्याला काळजीही नव्हती. "करा," तो म्हणाला. "माजी नात शालू तुमचे सालेन हाय ना? मंग करा."

मास्तरांनी चुन्याच्या फक्कीनं शेतावर खंड आखले. पोरांनी कुदळी, घमेली आणली आणि सीमांचे बांध घातले. समुद्र खोलगट ठेवले. तळ्याचं पाणी आणायला एक पाट काढला. तो भूमध्य समुद्रातून सुवेझमार्गे तांबड्या समुद्रात जायचा. मग चिठ्ठ्या टाकून देश वाटले. शालूला भारत मिळाला, रघुला जपान, गणूला अरबस्तान, तुळसाला इजिप्त. ज्याचा देश त्यानं त्याची भाषा, कपडे, नद्या शिकायच्या, आणि त्या देशाचं पीक लावायचं. इजिप्तमध्ये कापूस, फ्रान्समध्ये द्राक्षं, ब्राझिलात कॉफी. प्रत्यक्षात गावात बियाणं होतं ते फक्त वालाचं. त्यामुळे साऱ्या जगात वाल पेरले गेले.

दर शनिवारी पोरांची जागतिक पंचायत बसायची, सगळे भुईवर गोल बसून. हा हृदयाचा भाग. त्यात पोरं एकमेकांना चिमटे काढायची, म्हणून हा भाग फसला असंच मास्तरांचं मत होतं.

पेरणी झाली त्या दिवशी मास्तरांना स्फुरण चढलं. पोरांना काळाला धरून काहीतरी सांगावं म्हणून ते बांधावर उभे राहिले आणि खड्या आवाजात म्हणाले, "मुलांनो, आजपासून एक मंत्र. जो कसेल त्याचा देश."

पोरांनी तो मंत्र घरी नेला. घरोघर भाकऱ्या थापणारे हात थांबले.

दुसऱ्या दिवशी मास्तर शाळेत आले तर दाराशी गर्दी. कधी शाळेची पायरी न चढलेली पोरं तेल लावून, भांग पाडून उभी, आणि मागे त्यांचे आईबाप. सगळ्यांत पुढे गणूचा बाप विश्राम. "मास्तर, आमचे गणूला अरबस्तान दिलाव, बरा केलाव. पन ही धाकटी कलावती. हिला कंचा देश?"

मास्तर भारावले. विलायतेच्या पाण्यावर पोसलेला विचार आणि खाजणपाड्याच्या मातीत रुजला तो असा. त्यांनी कलावतीला पेरू देश दिला. आलेल्या प्रत्येकाला देश दिला. देश संपले तेव्हा आइसलंड दिला, मादागास्कर दिला. शेवटी विश्राम भाच्याला घेऊन आला, तर काहीच उरलं नव्हतं.

"तो रस्त्याचे कडंचा लांबडा हाय, तो कोनाचा?"

"तो अंटार्क्टिका. तो कुणाचाच नसतो. तिथं नुसता बर्फ हो, काही पिकत नाही."

विश्रामनं रस्त्याच्या कडेच्या त्या लांबलचक पट्ट्याकडे मायेनं पाहिलं. "आमी पिकवू," तो म्हणाला.

"बघ," मास्तर घरी येऊन म्हणाले. "आईबाप स्वतः पोरांबरोबर देश खणतायत. विश्राम तर उजाडायच्या आत अंटार्क्टिकात हजर असतो."

सुमेधाबाईंनी कपाळाला आठी घातली. "अहो, पण त्यांना भूगोलाची एवढी ओढ कधीपासून?"

"पद्धतीचा गुण आहे, अगं."

गुण तर होताच. जानेवारीत वाल फुलले आणि देश सरकायला लागले. फ्रान्सचा बांध एका सकाळी जर्मनीनं हातभर आत ढकलला. मास्तरांनी त्याकडे काणाडोळा केला, कारण इतिहासातही ते तसंच झालं होतं. मग इटलीची टाच रुंद झाली. जपाननं तर समुद्रात भर घालून चार वाफे वाढवले. तुळसाची आजी ठमाबाई, जिनं उभा जन्म भातशेतीत आणि मिठागरावर काढलेला, ती इजिप्तच्या बांधावर ठाण मांडून बसायची. एक दिवस तिनं सुवेझचा पाट माती टाकून बुजवला.

"आजी, हे काय केलंत? साऱ्या जगाचं पाणी अडलं."

"पाट माझे देशातून जाते," ठमाबाई म्हणाली. "पहिला पानी मना पायजे."

मास्तरांनी त्याच आठवड्याच्या वर्तमानपत्रात खऱ्या सुवेझची बातमी वाचली होती. तिथंही कालवा बंदच होता. ते थक्क होऊन बांधावर उभे राहिले आणि जिवंत शिक्षण म्हणतात ते हेच, असं त्यांना मनापासून वाटलं. अडाणी माणसाला लगेच कळलं असतं ते मास्तरांना कळेना, कारण ते शिबिराला जाऊन आले होते.

इकडे विश्राम तलाठ्याकडे जाऊन आला होता. कोणत्या शेतात कोण कसतो याची पाहणी करायला कोणीतरी साहेब येईल, एवढं उत्तर त्याला मिळालं. ते गावभर झालं. काळुरामच्या कानावर मात्र काही गेलं नाही. तो सकाळी कल्याणला जायचा तो दिवेलागणीला परत यायचा. "सालेन काय शिकलीस गो?" म्हणून तो नातीला विचारी. "भारताला पानी दिला," शालू सांगे. काळुराम समाधानानं मान हलवी.

फेब्रुवारीत एका सकाळी कोट, टोपी आणि सायकल असा एक साहेब गावात शिरला. गावानं लगेच ओळखलं. पाहणीवाला आला. माणसं हातातली कामं टाकून धावली आणि आपापल्या देशाच्या बांधावर जाऊन उभी राहिली. दिपोटीसाहेब शाळेच्या मागे आले तेव्हा समोर वालानं हिरवंगार झालेलं जग पसरलं होतं, आणि प्रत्येक देशात एक पोर आणि त्याचं सगळं घराणं उभं होतं.

साहेबांनी टोपी काढून काखेत धरली. "मास्तर, हा वर्ग?"

"हो साहेब. आणि हे पालक," मास्तर म्हणाले. त्यांची छाती इतकी फुगली होती की कोटाची गुंडी सुटली.

साहेब इजिप्तपाशी थांबले. तुळसाला विचारायला वाकले, तर ठमाबाईच पुढे आली. "इजिप्त आमचा, सायब. आमीच कसतूं."

"असं का? सीमा सांगता येतील का याच्या?"

असा प्रश्न ठमाबाईला कचेरीत जन्मभर विचारला गेला होता. ती श्वास न घेता म्हणाली, "उगवतीला तांबडा समुद्र, त्याचे पल्याड विश्रामचे पोराचा अरबस्तान. मावळतीला लिबिया, तो माझे दिराचे नातवाचा. वरचे अंगाला भूमध्य, खालचे अंगाला सुदान. आनि सुवेझचा पाट माझेच हद्दीन हाय. पयल्यापासून हाय. कोनालाबी इचारा."

साहेबांनी मास्तरांकडे पाहिलं. सगळं जग गेले कित्येक महिने ज्या भांडणानं हैराण झालं होतं, ते या आजीबाईंनी एका दमात मांडलं होतं. "कमाल आहे," ते पुटपुटले आणि अंटार्क्टिकाकडे वळले. "इथं काय पिकतं?"

"वाल," विश्राम म्हणाला.

साहेब हसले. "अहो, पण तिथं केवढी थंडी असते."

"थंडीतच पिकतान सायब," विश्राम म्हणाला. मग तो जवळ सरकून साहेबांच्या वहीत जागा शोधत हळूच म्हणाला, "अंगठा कया मारू?"

"अंगठा?"

साहेबांना याचा उलगडा व्हायच्या आतच शेताच्या कडेला काळुराम उगवला. कल्याणला निघालेला असताना कोणीतरी वाटेत त्याचं अभिनंदन केलं होतं, की तू पोरांना जमीन देऊन टाकलीस हे लय पुण्याचं केलंस. तो धोतराचा सोगा धरून धावतच आला. त्यानं आपलं शेत पाहिलं. बांध पाहिले. बांधाबांधावर उभं असलेलं गाव पाहिलं.

"माझे शेतान एवरी कुलां कोनी घातली?"

"मास्तरनी," गाव एका सुरात म्हणालं. "जो कसंल त्याचा देस."

आता मास्तरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. उजेडात त्यांना पहिल्यांदा मोखाडा दिसला.

"मास्तर," काळुराम काठी आपटत म्हणाला, "आज नांगर घालतंय. जगावर घालतंय आनि सालेवर पन."

"घाल तर खरा," ठमाबाईनं पदर खोचला. "इजिप्तान पाय टाक, मंग सांगतंय."

"कोण कूळ? कसलं कूळ?" साहेब गोंधळून म्हणाले. "मी शाळा तपासायला आलोय."

 हे ऐकताच सगळी माणसं एकदम बोलायला लागली. विश्रामनं कुदळ उचलली, फ्रान्स आणि जर्मनी एकमेकांच्या अंगावर धावले, काळुराम काठी घेऊन हिंदी महासागरात उतरला. साहेबांचा चेहरा दिवाळीआधी करडाकडे पाहताना झाला होता तसा झाला. मास्तर त्या गदारोळात एकटे उभे होते. त्यांना शाळेचं कौलारू छप्पर दिसत होतं. ही पोरं पुन्हा चिंबोऱ्यांच्या मागे जाणार, या विचारानं त्यांना बदलीपेक्षाही जास्त दुःख झालं.

तेवढ्यात घमेलं वाजलं. भारतात उभी राहून शालू ते दगडानं बडवत होती. पोरांना ती खूण माहीत होती. सगळा वर्ग आपापला देश सोडून धावत गेला आणि हिंदी महासागरात काळुरामभोवती गोल करून बसला.

"पंचायत बसली," शालू म्हणाली. "आजा, बस खाली. पंचायतीन उभा राहाचा नाय. मोठा असो नायतं धाकटा."

काळुराम गावच्या पंचायतीत वर्षानुवर्षं बसत आला होता. पंचायत बसली म्हटल्यावर त्याचे गुडघे आपोआप वाकले. तो बसला म्हणून गाव बसलं. गाव बसलं म्हणून साहेबही रुमाल पसरून बसले.

"शेत कोनाचा?" शालूनं विचारलं.

"माजा," काळुराम म्हणाला.

"वाल कोनी लावलं?"

काळुरामनं समोरच्या मातीनं माखलेल्या पोरांकडे पाहिलं. "तुमी."

"मंग शेत तुजा, वाल आमचं. पाडव्याला नांगर घाल. पन पुढचे वर्साला भात काढलास का परत देशील. कबूल?"

काळुराम कचेरीत वकिलांपुढे हरत होता, तो इथं नातीपुढे हरला. पण हरताना त्याच्या मिशा थरथरल्या आणि तो गावाकडे वळून म्हणाला, "बगलाव? माजी नात हाय." मग मोठ्यानं म्हणाला, "कबूल."

"आनि बांध?" विश्राम अजून अंटार्क्टिकात जीव अडकवून होता.

रघुनं उत्तर दिलं नाही. तो उठला आणि त्यानं जपानच्या बांधावर उडी मारली. बांध बसला. ते पाहून गणू अरबस्तानवर नाचायला लागला. मग सगळा वर्ग सुटला. पोरं ओरडत, खिदळत साऱ्या जगाच्या सीमा पायांनी तुडवत धावली. फ्रान्स गेला, जर्मनी गेली, इटलीची फुगलेली टाच सपाट झाली. ठमाबाईनं आधी तोंड फिरवलं, पण तुळसा सुवेझवर उड्या मारतेय असं दिसल्यावर ती स्वतःच उठली आणि तिनं पाट मोकळा करून दिला.

दिपोटीसाहेबांचे डोळे भरून आले. "मास्तर," ते म्हणाले, "आयुष्यात इतकं पाहिलं, पण बालकांनी सीमा पुसलेल्या पाहिल्या नव्हत्या. हे तुम्ही शिकवलंत?"

मास्तरांनी हे शिकवलं नव्हतं. शनिवारच्या पंचायतीत पोरं एकमेकांना चिमटे का काढत होती ते त्यांना आत्ता शालूनं कानात सांगितलं. गेले कित्येक शनिवार तिथं पोपटीचा, म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा भाजून खायचा, बेत शिजत होता, आणि कुणी तो मास्तरांसमोर फोडायला लागलं की शेजारचा चिमटा काढायचा. शेंगा भरल्या होत्या, आणि एवढ्या पोरांना पुरेल अशी पोपटी लावायला एकेका देशाचे वाल पुरणारे नव्हते. सगळं जग एका मडक्यात घालावं लागणार होतं. शिवाय जाळ करायला मोकळी जागा पाहिजे होती. बांध मधे येत होते.

"प्रयत्न चालू आहेत, साहेब," मास्तर म्हणाले.

साऱ्या देशांच्या शेंगा एकत्र ओतल्या गेल्या. ठमाबाईनं मडक्यांत भांबुर्ड्याचा पाला घातला, वर ओवा आणि मीठ लावलेल्या शेंगा, पुन्हा पाला. मडकी उपडी ठेवून भोवती पेंढा रचला आणि काळुरामनं स्वतःच्या हातानं काडी लावली. थोड्याच वेळात पाल्याचा खमंग वास शेतभर पसरला. ज्यांनी सकाळी कुदळी उगारल्या होत्या ती माणसं एका चटईवर बसून वाल सोलत होती. विश्राम साहेबांना शेंगा निवडून देत होता आणि सांगत होता की या खास अंटार्क्टिकाच्या, जरा गोड लागतील. मास्तरांनी चहूकडे पाहिलं. सगळा वर्ग हजर होता, सगळं गाव हजर होतं, करडूसुद्धा आलं होतं. शिबिरातल्या विदुषीनं हे पाहायला हवं होतं असं त्यांना वाटलं. घोडं गंगेत न्हालं होतं.

साहेब शेंगांनी माखलेले हात झटकून उभे राहिले. "गावकरी मंडळी, ही शाळा बंद होणार नाही," त्यांनी सांगितलं. गावानं टाळ्या वाजवल्या. "उलट इथं आता एक नाही, दोन शिक्षक येतील." पुन्हा टाळ्या. "आणि गुरुदत्त मास्तरांसारखा मोती स्टेशनाजवळच्या सोयीच्या जागेत ठेवणं हा शिक्षणावर अन्याय होईल. हा अभ्यासक्रम जिथं पोचलेला नाही, तिथं तो मास्तरांनीच न्यायला हवा. मी आजच शिफारस करतो. मास्तर, बढतीवर तुम्ही मोखाड्याला."

मास्तरांच्या तोंडात नेमका मडक्यातून काढलेला कढत वाल होता. तो ना गिळता येईना ना थुंकता. डोळ्यांत पाणी आलं, ते आनंदाश्रू समजून गावानं सगळ्यांत मोठी टाळी वाजवली.

निघताना सगळी पोरं रांगेत उभी राहिली आणि जपानी रीतीनं कमरेत वाकली. मास्तरांनी एकेकाच्या डोक्यावर हात ठेवला. शालूच्या डोक्यावर तो जरा जास्त वेळ राहिला. ठमाबाईनं पदराखालून वालाच्या बियाण्याची पुरचुंडी काढून त्यांच्या हातात कोंबली.

घरी सुमेधाबाई दारातच उभ्या होत्या. "काय झालं? साहेब काय म्हणाले?"

"अगं, विजय. संपूर्ण विजय," मास्तर म्हणाले आणि मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "आपली ट्रंक कुठं असते?"

 सुमेधाबाईंनी एकदा नळाकडे पाहिलं, मग मास्तरांच्या हातातल्या पुरचुंडीकडे. "हे काय आणलंत?"

"बियाणं. ठमाबाईनं दिलं. म्हणाली, मास्तर, मोखाड्याला जग लावशीला तवा रस्त्याचे कडंचा देश पोरांना देऊ नका. तो तुमचे नावावर ठेवा."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

मास्तरांनी कोटाची सुटलेली गुंडी लावली. "मी आपलं सहज विचारलं," ते म्हणाले, "की तलाठी कुठं बसतो."